जुन्या एसयूव्हीचं स्टेअरिंग-सस्पेन्शन घरी दुरुस्त करताना: आधी तपास, मग पाना, शेवटी अलाइनमेंट

दहा-बारा वर्षं चाललेल्या एसयूव्हीच्या पुढच्या चाकांतून खडखड यायला लागली की ठाण्या-नवी मुंबईत पुढचा क्रम ठरलेला असतो. आधी अलाइनमेंट (चाकांचे कोन जुळवणं) करून घेतात, फरक पडत नाही. मग कुणीतरी सांगतं की शॉकअप गेलेत, म्हणून चारही बदलतात. खडखड तशीच राहते. शेवटी लोअर आर्मचे (चाक चेसिसशी जोडणाऱ्या खालच्या दांड्याचे) बुश, म्हणजे सांध्यातल्या रबरी नळ्या, नवे बसतात, गाडी गप्प होते आणि पुढच्या पावसाळ्याआधी तेच बुश फाटलेले निघतात. शिव्या पार्टला बसतात. पार्ट बहुतेक वेळा बरा असतो, कामाचा क्रम उलटा झालेला असतो.

हा लेख लॅडर चेसिसच्या (बॉडीखाली वेगळी शिडीसारखी लोखंडी चौकट असलेल्या), पुढे वर-खाली दोन आर्म आणि मागे सरळ अ‍ॅक्सल असलेल्या गाड्यांसाठी आहे. जुनी स्कॉर्पिओ, सफारी आणि त्यांच्या जातीच्या. पुढे स्ट्रट (शॉकअप आणि स्प्रिंग एकत्र) असलेल्या गाड्यांमध्ये काय वेगळं, ते जिथल्या तिथे सांगितलं आहे.

घरी हात लावू नये अशी कामं: कॉइल स्प्रिंग दाबून काढणं, टॉर्शन बार (स्प्रिंगच्या जागी पिळणारा दांडा) सोडवणं, स्टेअरिंग रॅक (चाकं वळवणारा दात्यांचा दांडा) उघडणं, प्रेसने बसणारे हब बेअरिंग. दाबलेली स्प्रिंग सुटली तर जीव जातो, ही अतिशयोक्ती नाही. टाय रॉड एंड (स्टेअरिंगच्या दांड्याचा चाकाकडचा सांधा), लिंक रॉड (अँटिरोल बारला जोडणारा छोटा दांडा), सुटे शॉकअप, बोल्टवर बसणारा बॉल जॉइंट (आर्म आणि चाकामधला गोळ्याचा सांधा) आणि (प्रेसचं काम बाहेर करून घेऊन) आर्मचे बुश, एवढं सोसायटीच्या पार्किंगमध्ये होतं.

## टप्पा १: आधी रोग ओळखा

या टप्प्याला अर्धा दिवस द्या. इथे वाचवलेला वेळ नंतर दुप्पट जातो.

चालवून ऐका. काचा खाली, एसी आणि गाणी बंद, वेग वीसच्या आसपास. घोडबंदरच्या सर्व्हिस रोडवर यासाठी खड्डे शोधावे लागत नाहीत. दोन्ही चाकं एकदम चढतील असा स्पीड ब्रेकर सरळ ओलांडा, मग फक्त डावं किंवा उजवं चाक खड्ड्यात जाईल असं चालवा. स्पीड ब्रेकरवर गप्प आणि एका चाकाच्या खड्ड्यात ‘टक्‌टक्’, तर आधी लिंक रॉडवर संशय घ्या. दोन्ही चाकं एकदम उचलली गेली की अँटिरोल बारला (दोन्ही बाजू जोडणारा, वळणावर गाडी कलू न देणारा दांडा) पीळ बसत नाही, म्हणून आवाजही येत नाही. एवढ्याशा या पार्टपायी लोकांनी शॉकअपचे सेट बदललेत.

ब्रेक मारताना एकच ‘धप्प’ आली तर लोअर आर्मचे बुश बघा. ऐंशीच्या पुढे स्टेअरिंग थरथरतं पण खडखड नाही, तर आधी व्हील बॅलन्सिंग करा, पाने नंतर काढा. लेन बदलताना मागचा भाग उशिरा वळल्यासारखा वाटला तर मागच्या लिंकचे बुश, विशेषतः आडव्या रॉडचे.

टायर वाचा. टायरच्या नक्षीवरून हात आडवा फिरवा. एका दिशेने गुळगुळीत आणि उलट दिशेने करवतीसारखं लागलं तर टो (वरून पाहता चाकं आत-बाहेर वळलेली असण्याचा कोन) बिघडला आहे. फक्त आतली किंवा बाहेरची कड झिजली असेल तर कॅम्बर (समोरून पाहता चाक आत-बाहेर कललेलं असण्याचा कोन). मधेच खळगे पडल्यासारखी झीज असेल तर शॉकअप किंवा बॅलन्सिंग.

जमिनीवरची चाचणी. ही बहुतेक घरगुती मेकॅनिक करतच नाहीत, आणि टाय रॉडसाठी हिच्यासारखी दुसरी नाही. चारही चाकं जमिनीवर, गिअर न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला, इंजिन चालू. घरातल्या कुणाला तरी स्टेअरिंग अगदी थोडं, दोन-तीन इंच, डावीकडे-उजवीकडे हलवत राहायला सांगा. तुम्ही बाहेरून प्रत्येक जॉइंटवर बोटं ठेवा: टाय रॉड एंड, रॅकच्या रबरी बूटमधून जाणवणारा रॅक एंड (टाय रॉडचा आतला सांधा), खाली स्टेअरिंग कॉलमचा क्रॉस (वाकता सांधा). जिथे एक बाजू हलते आणि दुसरी किंचित उशिरा हलते, तो जॉइंट गेला. बाही आणि बोटं बेल्टपासून, पंख्यापासून लांब.

चाक उचलून चाचणी. इथे सगळ्यात मोठी फसगत होते. लोअर आर्मवर स्प्रिंग किंवा टॉर्शन बारचा भार असलेल्या गाडीत जॅक चेसिसखाली लावला की चाक खाली लोंबतं, आर्म स्टॉपरवर दाबून बसतो आणि झिजलेला बॉल जॉइंटही घट्ट भासतो. तपासणीपुरता जॅक लोअर आर्मखाली, बॉल जॉइंटच्या जितका जवळ जमेल तितका लावा आणि चाक जेमतेम जमिनीवरून सोडा. गाडीखाली मात्र शिरू नका. स्ट्रटवाल्या गाडीत उलट: तिथे चेसिसखाली जॅक लावून चाक लोंबतं ठेवूनच तपासायचं.

आता चाक डावी-उजवीकडून धरून हलवा. खेळ (ढिलेपणा) लागला तर टाय रॉड किंवा रॅक एंड. मग वरून-खालून धरून हलवा. खेळ लागला तर बॉल जॉइंट किंवा बेअरिंग. दोन्हींतलं कोणतं हे ठरवायला आत बसलेल्या माणसाला ब्रेक दाबून धरायला सांगा. ब्रेक दाबल्यावर खेळ गेला तर बेअरिंग, राहिला तर बॉल जॉइंट. टायरखाली लांब पहार घालून चाक वर उचकटूनही पाहा. बॉल जॉइंट वर-खाली सरकताना दिसला तर गाडी बाहेर काढायचीच नाही. तो निसटला की चाक आडवं होतं.

थांबा, तपासा: कागदावर ‘डावा टाय रॉड एंड’, ‘उजवी लिंक रॉड’ असं पार्टनिहाय लिहून झालं का? ‘पुढून आवाज’ एवढंच लिहिलं असेल तर पुढे जाऊ नका.

## टप्पा २: पार्ट, हत्यारं आणि जागा

एकाच नावाच्या गाडीत वर्षागणिक आर्म, बॉल जॉइंट बदललेले असतात. मॉडेल सांगून पार्ट घेऊ नका, आरसी दाखवून चेसिस नंबरवरून घ्या. काउंटरवरच टाय रॉड एंडची मान हाताने फिरवून पाहा. ती घट्ट पण एकसारखी फिरली पाहिजे, कुठे अडकता किंवा सैल पडता कामा नये. सोबत नवे नायलॉक नट (आत नायलॉनचं कडं असलेले) आणि स्प्लिट पिन मागून घ्या. जुना नायलॉक नट पुन्हा लावायचा नाही. लिंक रॉड, शॉकअप, बुश जोडीनेच बदला. टाय रॉड एंड एकच गेला असेल तर एकच बदलला तरी चालतो.

रस्त्यांसाठी पॉलियुरेथेनचे ‘हेवी ड्युटी’ बुश घ्या, असा सल्ला हमखास मिळेल. माझं मत: रोज खड्ड्यातून जाणाऱ्या घरच्या गाडीला चांगले रबरी बुशच बरे. कडक बुश हादरा गिळत नाहीत, पुढच्या पार्टकडे ढकलतात.

हत्यारं: ट्रॉली जॅक, गाडीच्या वजनाला पुरेशा दोन घोड्या (गाडी टेकवून ठेवायचे स्टँड), अर्धा इंची सॉकेट सेट, लांब टी-बार, टॉर्क पाना, टाय रॉडचा पुलर, अ‍ॅलन की, दोन किलोचा हातोडा, वायर ब्रश, पांढरा पेंट मार्कर, टेप, जाड तार. टॉर्क पाना विकत घ्यायचा नसेल तर मागून आणा, पण त्याच्याशिवाय सुरुवात करू नका. टॉर्कचे आकडे तुमच्या गाडीच्या वर्कशॉप मॅन्युअलमधूनच घ्या, दुसऱ्या मॉडेलचे नकोत.

जागेचं बघायचं तर बहुतेक सोसायट्यांत पार्किंगला पेव्हर ब्लॉक असतात. जॅकच्या छोट्या चाकांखाली आणि घोडीच्या पायांखाली ते खचतात, विशेषतः पावसाळ्यानंतर खालची रेती वाहून गेलेली असते तेव्हा. किमान १८ मिलिमीटरचे प्लायवुडचे मोठे तुकडे खाली टाका. बेसमेंटचा उतार, गटाराचं झाकण, स्टिल्टमधली निचऱ्याची जाळी टाळा. सेक्रेटरींना आदल्या दिवशी सांगून ठेवा आणि खाली पुठ्ठा अंथरा. तेलाच्या डागावरून झालेलं भांडण बुशपेक्षा जास्त टिकतं.

शनिवारी सकाळी सुरू करा. रविवारी एखादा नट तुटला आणि पार्टची दुकानं बंद असली की गाडी घोडीवर अडकते.

ऐरोली, वाशी, नेरूळ, कोलशेत अशा खाडीलगतच्या भागांत गंज जास्त धरतो. आटे दोन-तीन दिवस आधीपासून रोज संध्याकाळी वायर ब्रशने घासून गंज सोडवणारा स्प्रे मारत राहा. त्याच सकाळी मारलेला स्प्रे फक्त वास देतो.

## टप्पा ३: उचलण्याआधीची मापं

गाडी सपाट जागेवर, टायरमध्ये ठरलेली हवा, स्टेअरिंग सरळ. आता टेपने प्रत्येक पुढच्या चाकाच्या मध्यापासून वर मडगार्डच्या कडेपर्यंतचं अंतर मोजा आणि लिहून ठेवा. या आकड्याला आपण ‘उभी उंची’ म्हणू. टप्पा ७ पूर्णपणे याच्यावर उभा आहे, आणि एकदा चाक काढलं की तो मिळवता येत नाही.

दोन्ही बाजूंचे फोटो काढा: ब्रेकचा होज कुठून जातो, एबीएसची वायर कुठे अडकवली आहे, बोल्ट कुठल्या दिशेने घातलेत. आर्मच्या बोल्टवर कॅमची (कोन बदलणारी) चकती किंवा खाली शिम (पातळ पट्ट्या) असतील तर पेंटने खूण करा, शिमची संख्या लिहा.

चाकाचे नट जमिनीवरच अर्धा फेरा सैल करा.

## टप्पा ४: गाडी उचलणं

मागच्या चाकांना दोन्हीकडून ठोकळे लावा, हँडब्रेक ओढा, गिअरमध्ये ठेवा. जॅक चेसिसच्या जाड रुळाखाली किंवा मॅन्युअलमध्ये दाखवलेल्या क्रॉस मेंबरखाली. घोड्या चेसिसच्या रुळाखालीच ठेवा. दाराखालची पत्र्याची कड लॅडर चेसिसच्या गाडीचा भार घेण्यासाठी नसते.

दोन्ही बाजू उचला. एकच बाजू उचलली तर अँटिरोल बारला पीळ बसून राहतो आणि लिंक रॉडचा बोल्ट निघत नाही, निघाला तर उसळतो.

थांबा, तपासा: जॅक थोडा खाली सोडून भार पूर्ण घोड्यांवर आला का? बंपर धरून गाडी जोरात हलवा. हललीच तर आत्ता हलू दे, तुम्ही खाली असताना नको. काढलेली चाकं चेसिसखाली आडवी सरकवून ठेवा. गाडीच्या डिकीतल्या जॅकवर उभ्या गाडीखाली एक मिनिटही जाऊ नका.

## टप्पा ५: टाय रॉड एंड

१. चेक नट (टाय रॉड एंडला रॉडवर जखडणारा नट) आधी सैल करा, टाय रॉड एंड नकलशी (हब ज्यावर बसतो तो वळणारा भाग) जोडलेला असतानाच. सुटा झाल्यावर तो हातात फिरत राहतो आणि नट हलत नाही.

२. चेक नट कुठे होता तिथे पेंटची खूण करा. शिवाय जॉइंटच्या मध्यापासून रॉडवरच्या एखाद्या कायम खुणेपर्यंतचं अंतर मोजा. नवा पार्ट दोन-तीन मिलिमीटर आखूड-लांब असू शकतो, नुसते फेरे मोजून भागत नाही. दीड मिलिमीटर पिचच्या आट्यावर अर्धा फेरा चुकला तरी चाकाचा कोन पाव अंशाहून जास्त बदलतो.

३. स्प्लिट पिन काढा. नट सैल करा, पण पूर्ण काढू नका. दोन-तीन आट्यांवर राहू द्या, म्हणजे जॉइंट सुटला तरी उडणार नाही.

४. पुलर लावा. नसेल तर नकलच्या ज्या कानात जॉइंट बसला आहे त्याच्या बाजूवर हातोड्याचे कडक ठोके द्या. स्टडच्या टोकावर मारायचं नाही, आटे चेपतात. फाळाच्या आकाराचं हत्यार ठोकून जॉइंट सोडवला तर रबरी टोपी फाटते, म्हणून जुना पार्ट फेकायचा असेल तरच ते वापरा.

५. नकलमधलं निमुळतं भोक आणि नवा स्टड कोरड्या फडक्याने पुसा. इथे ग्रीस लावू नका. ही पकड कोरड्या धातूची आहे. ग्रीसमुळे स्टड ठरलेल्यापेक्षा खोल खेचला जातो.

६. नट टॉर्कवर आवळा. पिनचं भोक जुळलं नाही तर पुढच्या खाचेपर्यंत आणखी आवळा. पिन घालण्यासाठी नट कधीही मागे सोडू नका.

नट आवळताना स्टडच फिरत असेल तर जॉइंटला खालून जॅकने हलका दाब द्या, निमुळता भाग पकडतो.

रॅकचे रबरी बूट इथेच बघून घ्या. फाटलेल्या बूटमधून पाणी आत जातं, रॅक गंजतो आणि मग काम बूटच्या किमतीत राहत नाही.

## टप्पा ६: लिंक रॉड आणि बॉल जॉइंट

लिंक रॉडचा नट फिरवताना स्टड फिरतो. त्याच्या टोकाला अ‍ॅलन कीचं भोक असतं, ते धरून नट फिरवा. गंजाने भोक गोल झालं असेल तर नाद सोडा आणि हॅकसॉने कापा. ग्राइंडर वापरणार असाल तर ब्रेकचा होज आणि एबीएसची वायर ओल्या गोणपाटाने झाका. इतकंच.

बॉल जॉइंटची गोष्ट वेगळी. लोअर आर्मवर स्प्रिंगचा भार असेल तर जॉइंट सोडण्याआधी आर्मखाली जॅक लावून भार घेतलाच पाहिजे, आणि काम संपेपर्यंत तो जॅक हलवायचा नाही. जॉइंट सुटला की आर्मला खाली जाण्यापासून अडवणारा तो जॅकच असतो. आपण समोर नाही, बाजूला बसायचं.

ब्रेक कॅलिपर काढावा लागला तर तारेने वर बांधा. होजवर लोंबकळत ठेवलेला कॅलिपर आतून होज फोडतो, ते बाहेरून दिसत नाही. एबीएसची वायर क्लिपमधून सोडवा, म्हणजे नकल बाजूला झुकली तरी ताणली जाणार नाही.

जॉइंट बोल्टवर असेल तर घरी बदला. प्रेसने बसवलेला असेल तर हातोड्याने ठोकून बसवू नका. वागळे इस्टेट, तुर्भे, रबाळे इथे लेथ आणि हायड्रॉलिक प्रेसवाले पुष्कळ आहेत. पण आर्म काढून न्यायचा म्हणजे आधी स्प्रिंगचा प्रश्न सुटला पाहिजे. तुमच्या गाडीत लोअर आर्म स्प्रिंग काढल्याशिवाय निघत नसेल तर हे काम गॅरेजचं आहे. टॉर्शन बारवाल्या गाडीत उंचीचा बोल्ट फिरवून ‘थोडं सैल करून बघतो’ असं करू नका.

## टप्पा ७: बुश, आणि सगळ्यात महागात पडणारी चूक

रबरी बुशमध्ये बाहेरची नळी आर्ममध्ये दाबून बसवलेली असते. आतली नळी बोल्ट आवळल्यावर चेसिसच्या कानांत जखडली जाते. दोन्हींच्या मध्ये रबर आहे आणि आर्म वर-खाली होतो तेव्हा ते रबर पिळतं. बुश बेअरिंगसारखा गरगर फिरत नाही.

आता गाडी घोडीवर, चाकं लोंबताहेत आणि तुम्ही बोल्ट पूर्ण आवळला. रबराची ‘सरळ’ स्थिती तीच ठरली. गाडी खाली आली की आर्म वर जातो आणि रबर उभ्या गाडीतही पिळलेलं राहतं. वर खड्डा आला की आणखी पिळतं. काही महिन्यांत ते नळीपासून सुटतं. मधल्या काळात गाडी किंचित उंच उभी राहते, त्या उंचीवर केलेली अलाइनमेंट रबर फाटल्यावर चुकीची ठरते. नवे बुश लवकर जाण्याचं हे नेहमीचं कारण आहे, आणि घाईच्या गॅरेजमध्येही हे सर्रास होतं.

बरोबर पद्धत अशी:

१. प्रेसवाल्याकडे देण्याआधी जुन्या बुशची दिशा आर्मवर पेंटने खुणावून द्या. काही बुशमध्ये रबरात पोकळ खाचा असतात, त्यांची दिशा बदलली तर ब्रेकची ‘धप्प’ परत येते. नवा बुश साबणाच्या पाण्याने बसवायचा. तेल किंवा ग्रीसने रबर फुगतं.

२. आर्म जागेवर बसवा, बोल्ट फोटोतल्या दिशेनेच घाला आणि नट फक्त हाताने टेकेपर्यंत लावा.

३. बाकी सगळे जॉइंट पूर्ण आवळून घ्या.

४. लोअर आर्मखाली जॅक लावून हबचा मध्य ते मडगार्ड हे अंतर टप्पा ३ मधल्या उभ्या उंचीइतकं होईपर्यंत आर्म वर घ्या. त्याआधीच गाडी घोडीवरून उचलली जायला लागली तर थांबा. अशा वेळी चाकं लावून गाडी खाली घ्या, पुढे-मागे दोन-चार फूट ढकला, बंपर दाबून सोडा आणि जमिनीवरच बाजूने पाना घालून आवळा.

५. याच उंचीवर आर्मच्या बुशचे बोल्ट टॉर्कवर आवळा. मग नटवर आणि कानावर एकच आडवी पेंटची रेघ ओढा.

मागच्या अ‍ॅक्सलच्या लिंकनाही आणि शॉकअपच्या खालच्या डोळ्यातल्या बुशलाही हाच नियम लागू आहे.

## टप्पा ८: शॉकअप

स्प्रिंगपासून सुटा शॉकअप असेल तर काम सरळ आहे. नवा शॉकअप उभा धरून पाच-सहा वेळा पूर्ण दाबा आणि सोडा, आडवा पडून शिरलेली हवा निघून जाते. वरच्या रबराचा नट रबर वाटीबाहेर फुगेपर्यंत आवळायचा नाही. जुन्या शॉकअपवर नुसता तेलाचा पातळ ओलावा असेल तर तो गेला असं नसतं. ओघळ असेल, किंवा गाडी दाबून सोडल्यावर पुन्हापुन्हा डुलत असेल, तर बदला.

## टप्पा ९: खाली उतरवण्याआधी

कुणाशी बोलू नका, फोन बाजूला ठेवा आणि प्रत्येक नटला हात लावत जा: स्प्लिट पिन वाकवली का, चेक नट आवळला का, कॅलिपरचे बोल्ट, एबीएसची वायर, होजला पीळ नाही ना. स्टेअरिंग पूर्ण डावीकडे, पूर्ण उजवीकडे फिरवा आणि होज कुठे घासत किंवा ताणला जात नाही ना ते बघा. इंजिन चालू असताना स्टेअरिंग टोकाला काही सेकंदांपेक्षा जास्त धरून ठेवू नका, पंप तापतो.

चाकाचे नट गाडी जमिनीवर आल्यावर, समोरासमोरच्या क्रमाने, टॉर्कवर. कॅलिपर हलवला असेल तर गाडी हलवण्याआधी ब्रेक पेडल कडक लागेपर्यंत दाबा. हे विसरलात तर पहिला ब्रेक सोसायटीच्या गेटवर लागत नाही.

## टप्पा १०: अलाइनमेंट आणि पहिली फेरी

आधी सोसायटीच्या आवारात, मग जवळच्या अलाइनमेंटवाल्यापर्यंत सावकाश. हायवे नको. तिथे टायरची हवा तपासायला लावा आणि आधीचा-नंतरचा असे दोन्ही प्रिंट मागा. क्रम आधी कॅस्टर (बाजूने पाहता चाक वळण्याच्या अक्षाचा कल)-कॅम्बर, मग टो. फक्त टो करून स्टेअरिंग सरळ करून दिलं की काम झालं नाही. टो दोन्ही टाय रॉडवर वाटून केला पाहिजे, सगळी दुरुस्ती एकाच बाजूला केली की स्टेअरिंग वाकडं राहतं. कुणी आर्म किंवा रॉड तापवून, दाबून ‘बसवून देतो’ म्हणालं तर गाडी तशीच घेऊन निघा.

नंतर पामबीचसारख्या सपाट सरळ पट्ट्यावर, वेगमर्यादेत, स्टेअरिंग हलकं धरून बघा. आपले रस्ते निचऱ्यासाठी कडेला उतरते असतात, त्यामुळे गाडी किंचित डावीकडे गेली तर लगेच घाबरू नका. असा उतार नसलेल्या जागी पुन्हा पाहा. तिथेही डावीकडेच खेचत असेल तर पुढची दोन चाकं आपसात बदला. खेच उलटी झाली तर दोष टायरचा.

शंभर किलोमीटरनंतर चाकाचे नट पुन्हा टॉर्कवर. पाचशेच्या आसपास खाली वाकून पेंटच्या रेघा बघा. नटवरची आणि कानावरची रेघ जुळत नसेल तर तो बोल्ट नुसता पुन्हा आवळून सोडू नका, काढून आटे तपासा, नट नवा लावा, आणि आवळताना गाडी पुन्हा उभ्या उंचीवर आणा.